नवाचा पाढा

या चाव्या घे, दुआर्त.
ही कचेरीची, ही साल उकळायच्या हौदांची,
आणि ही गंजकी कशाची
ते मला छत्तीस वर्षांत कळलं नाही.
फेकू नकोस.
न कळणाऱ्या गोष्टींसाठीही भिंतीवर एक खिळा असू दे.

तुझा तक्ता पाहिला. सुबक आहे.
कोण कुणाच्या हाताखाली, कुणी कुणाला जाब द्यायचा,
चौकटी, आणि चौकटींतून सुटलेले बाण.
एर्मीनियूची चौकट सगळ्यात खाली.
उद्या पहाटे त्याच्याबरोबर रानात जा,
आलेन्तेजोचं ऊन डोक्यावर यायच्या आत.
ओकच्या खोडात कुऱ्हाड टेकवून तो आधी ऐकतो.
पोकळ वाजलं तर साल सुटेल.
सुकं, तुटक वाजलं
तर कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढच्या झाडाकडे चालू लागतो.
हा निर्णय तुझ्या कुठल्या चौकटीत होतो
ते मला दाखव.

प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा असतो,
साल काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक.
त्यात नऊ मिळव, मगच पुन्हा हात लाव.
नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा.
आपल्या धंद्याचं नियोजन एवढंच.
बाकीची शाई.

ये, तीन आकड्याची झाडं दाखवते.
इतरांवर नवे अंक चढले,
या बेचाळिसांवर तोच तीन, फिकटलेला.
त्या उन्हाळ्यात बँकेची माणसं दारात बसून होती.
मी रोजंदारी मोडली, वजनावर पैसे लावले.
जितकी साल तितका दाम, गणित सरळ.
माल पाचव्या हिश्शाने वाढला.
लिस्बनच्या भागीदारांनी वाइनची पेटी धाडली,
सोबत पत्र, 'सेन्योरा एर्मेलिंदा' म्हणून सुरू होणारं,
त्यात 'कार्यक्षमता' दोनदा.

पण वजनावर राबणाऱ्या हाताला
ऐकायला सवड नसते.
कुऱ्हाडी आत गेल्या,
सालीखालच्या सालीपर्यंत.
तिला इथली माणसं आईच म्हणतात.

त्या वर्षी काही दिसलं नाही.
ताळेबंदात जखमेला रकाना नसतो.
नऊ वर्षांनी आलो तर खोडं उभी चिरलेली,
आणि भोकांतून मुंग्यांची ये-जा.
एर्मीनियूने टोपी काढली, खोडावर हात ठेवला,
आणि माझ्याकडे न बघता खाली बघितलं.
एवढ्या सभ्यपणे मला कुणी
कामावरून काढलं नव्हतं.

रोजंदारी परत आणली मी.
दोन वर्षं कुणालाच बोनस नाही.
प्रतवारीच्या खोलीत दियोलिंदा
मला ऐकू जाईल इतपत पुटपुटली,
"बाईंना शहाणपण आलं, आमच्या पैशांतून."
खरं होतं.
वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.
वही तिसऱ्या खणात आहे.

तू विचारलंस, आपला उद्देश काय.
कचेरीत लावायला तुला एक वाक्य हवंय.
मला वाक्य येत नाही, मला पाढा येतो.
आज ज्या रोपाला पाणी घालशील
त्याच्यातून बाटलीला शोभेल असं पहिलं बूच निघेल
तेव्हा तू माझ्यापेक्षा म्हातारा असशील.
पाणी घालणाऱ्याचा पगार मात्र
या शुक्रवारीच द्यायचाय.
या दोन तारखांच्या मधे
आपली खुर्ची.

तिचा डावा पाय डुगडुगतो.
खाली बुचाचा तुकडा लावलाय.
काढू नकोस.